चक्रीवादळ : आधीचे तीन दिवस, मधले काही तास आणि नंतरचा महिना

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर आणि मधूनमधून १२० चे झोत. आमच्या आळीत त्या दुपारी कुणाला खरचटलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी मात्र दोघेजण छपरावरून पडले आणि एकाचा पाय ओंडक्याखाली सापडला. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेलं, तेव्हाही लोकांनी त्याच चुका जवळपास त्याच क्रमाने केल्या. म्हणून हा लेख. रोख कोकण किनाऱ्यावर, म्हणजे कौलारू आणि पत्र्याची घरं, नारळी-पोफळीच्या वाड्या (नारळ-सुपारीच्या बागा) आणि विहिरीचं पाणी.

टप्पा १ : इशारा नीट वाचा (७२ ते ४८ तास आधी)

हवामान खात्याचे इशारे चार पायऱ्यांनी येतात. साधारण ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी पिवळा, २४ तास आधी नारिंगी आणि १२ तास आधी लाल. घराबाहेरची कामं पिवळ्यात संपली पाहिजेत आणि घरातली नारिंगीत. लाल लागल्यावर हातात हातोडा असेल तर तो खाली ठेवायचा.

वाऱ्याचा आकडा आला की तो या पट्टीवर लावून बघा. ताशी ६२ ते ८८ किलोमीटर म्हणजे चक्रीवादळ, ८९ ते ११७ तीव्र, ११८ ते १६६ अतितीव्र. निसर्ग 'तीव्र'मध्येच बसत होतं, आणि तेवढ्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या आडव्या झाल्या. "फक्त तीव्र आहे" असं कुणी म्हणालं तर त्याला एखादी वाडी दाखवा.

नेहमीची चूक : नकाशावरची एकच रेघ बघणं. निसर्गच्या वेळी दोन दिवस टीव्हीवर फक्त मुंबई चालू होती. "आपल्याकडे काही नाही, मुंबईला जातंय" म्हणून किती जणांनी ताडपत्रीसुद्धा बांधली नाही. मग झोडपून निघाले ते श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली. ती रेघ वादळाच्या मध्याची असते आणि वारा दोन्ही अंगांना कितीतरी किलोमीटर पसरलेला असतो. शिवाय शेवटच्या दिवसात रेघ सरकते. तुमचा तालुका इशाऱ्यात असला की वादळ तुमच्याचकडे येतंय असं धरून चाला.

वादळ ईशान्येला सरकत किनाऱ्यावर येत असेल तर त्याच्या वाटेच्या दक्षिणेकडच्या गावांना वारा समुद्राकडून लागतो आणि पाणीही त्याच बाजूला जास्त चढतं. खाडीकाठी किंवा पुळणीलगत घर असेल तर भरतीची वेळ कागदावर लिहून ठेवा.

टप्पा २ : घराबाहेरचं काम (४८ ते २४ तास आधी)

क्रम असा धरा.

१. आधी झाडं. घरावर झुकलेल्या फांद्या, सुकलेल्या झावळ्या, लोंबते नारळ उतरवा. तोडलेलं सगळं त्याच दिवशी आडोशाला टाका. अंगणात ढीग राहिला तर वारा तोच तुमच्या खिडकीवर आणून मारतो.

२. मग छप्पर. पत्र्याचे जे-हुक आणि वायसर एकेक हलवून बघा. गंजलेले बदला, ढिले आवळा. वारा पत्र्याला कडेकडून पकडतो, म्हणून पडवीच्या कडेची रांग आधी तपासायची. पडवीचा पत्रा मुख्य छपराला जोडलेला असेल तर पडवी जाताना घराचं छप्परही ओढून नेते. कौलांत आढ्यावरची आणि कडेची कौलं सिमेंटमध्ये पक्की करा. मच्छीमाराचं जुनं जाळं मिळालं तर कौलांवर ताणून चारी बाजूंना वाशांना बांधा.

३. पाण्याची टाकी काठोकाठ भरा. हजार लिटरची भरलेली टाकी एक टन वजनाची होते आणि जागची हलत नाही. रिकामी फुग्यासारखी उडते.

४. तुळशीच्या कुंड्या, खुर्च्या, सोलरचे सुटे भाग, दुकानाचा फलक, सायकली, सगळं आत. गाडी झाडाखालून आणि विजेच्या खांबाजवळून हलवा.

५. गुरं. गोठा कच्चा असेल तर दावं सोडा. बांधलेलं जनावर छपराखाली चिरडतं, सुटलेलं आपला आडोसा शोधतं.

इशारा : पत्र्यावर सुटे दगड, टायर किंवा वाळूच्या गोणी टाकू नका. अर्धं गाव हेच करतं. ताशी १०० च्या वाऱ्यात पत्रा खालून उचलला जातो, आणि वरचा दगड शेजाऱ्याच्या घरात पडतो. वजन हवंच असेल तर गोण्या दोरखंडाने एकमेकींना बांधून छपरावरून दोन्ही बाजूंना खाली सोडा आणि टोकं जमिनीत खुंट मारून पक्की करा.

टप्पा ३ : घरातली तयारी (२४ ते १२ तास आधी)

मेणबत्त्या आणि बिस्किटं सगळेच आणतात. राहून जातात त्या या गोष्टी.

पोहरा आणि दोर. निसर्गनंतर कित्येक गावांत वीज आठवड्यांनी आली. विहिरीत पाणी भरलेलं आणि काढायला साधन नाही, कारण विजेची मोटार बसवल्यावर रहाट काढून भंगारात दिलेला! पोहरा, लांब दोर आणि जमल्यास कप्पी घरात असू द्या.

दळण. वीज नसली की गिरणी बंद. पंधरा दिवसांचं पीठ आधीच दळून आणा.

रोख पैसे. एटीएम आणि फोनवरचं पेमेंट दोन्ही बंद पडतात. शंभर-दोनशेच्या नोटा ठेवा, पाचशेचे सुटे त्या दिवसांत कुणी देत नाही.

औषधं. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या निदान पंधरा दिवसांच्या. घरात इन्सुलिन असेल तर फ्रीज बंद पडल्यावर ते माठाजवळ, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात कोरड्या पिशवीत ठेवता येतं. हे आधीच डॉक्टरांना विचारून घ्या.

पिण्या-स्वयंपाकाचं पाणी माणशी रोज ४ लिटर धरा आणि किमान तीन दिवसांचं झाकून ठेवा. वापरायचं पाणी वेगळं.

कागद. सातबारा, आठ-अ, घरपट्टीची पावती, आधार, बँकेचं पासबुक, विम्याची पॉलिसी हे सगळं दुहेरी प्लास्टिक पिशवीत, धान्याच्या डब्यात, उंचावर. फोनमध्ये प्रत्येकाचा फोटो.

आणि ज्याचा नंतर सगळ्यात जास्त उपयोग होतो ते काम : घराचे आणि वाडीचे *वादळाआधीचे* फोटो. चारी बाजूंनी घर, छप्पर, आतल्या खोल्या, वाडीतल्या रांगा. दहा मिनिटं लागतात.

मुंबई-पुण्यातल्या घरच्यांशी आधीच ठरवा की टॉवर पडले तर तीन-चार दिवस फोन लागणार नाही. बाहेरगावचा एकच माणूस नेमा. गावातल्या ज्याला आधी रेंज मिळेल तो त्याला सगळ्यांची खुशाली कळवील आणि बाकीच्यांनी त्यालाच विचारायचं. निसर्गच्या वेळी टाळेबंदी होती, येता येत नव्हतं, आणि वीस-वीस नातेवाईक त्याच बंद नंबरावर फोन लावत बसले होते.

तपासा : राहायचं की हलायचं, हे नारिंगी इशाऱ्यातच ठरवा. घर कुडाचं किंवा नुसत्या पत्र्याचं असेल, मोठं झाड घरावर झुकलेलं असेल, पुळणीला किंवा खाडीला लागून असेल, तर उजेडातच शाळेत किंवा स्लॅबच्या घरात जा. आजी-आजोबा "मी नाही हलणार" म्हणतात. त्यांची समजूत घालायला दोन तास जादा धरा. मी हे गमतीने लिहीत नाही.

टप्पा ४ : वादळ चालू असताना

१. मेन स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर बंद, मोटारीचा स्टार्टर बंद.

२. सगळ्यांनी घराच्या मधल्या खोलीत बसायचं. चौपाखी जुन्या घरात माजघर, स्लॅबच्या घरात खिडकी नसलेली खोली किंवा न्हाणीघर. कौलारू घरात जाड भिंतीच्या कोपऱ्याशी, शक्य तर लाकडी पलंगाखाली किंवा मजबूत टेबलाखाली. अंगावर गोधडी, पायात चप्पल. कौलं फुटायला लागली की अनवाणी पावलं टाकता येत नाहीत.

३. सगळी दारं-खिडक्या बंद. "एका बाजूची खिडकी उघडी ठेव, हवेचा दाब निघून जाईल" हा सल्ला हमखास कुणीतरी देतो. तो चुकीचा आहे. वारा आत शिरला की तो छपराला आतून वर ढकलतो आणि बाहेरचा वारा वरून ओढतो. छप्पर जातं ते असंच.

४. पत्रा फडफडू लागला तर धरायला जाऊ नका. दोरीला लोंबकळून पत्रा धरून ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. पत्रा तर गेलाच, तळहातही कापले.

इशारा, आणि हा सगळ्यांत मोठा : वारा अचानक थांबला तर बाहेर पडू नका. वादळाचा मध्य तुमच्यावर आलेला असू शकतो. काही मिनिटांपासून तासाभरापर्यंत शांतता, कधी उजेडसुद्धा, आणि मग वारा उलट्या दिशेने येतो. आपल्याकडे वादळ वामावर्ती, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. ते ईशान्येला सरकत असेल तर मध्याच्या वाटेवरच्या गावाला आधी आग्नेयेचा वारा लागतो आणि नंतर वायव्येचा. पहिल्या वाऱ्याने एका बाजूला ढिली केलेली झाडं दुसरा वारा उपटतो.

तपासा : वादळ गेलं असं कधी म्हणायचं? वारा *हळूहळू* कमी होत जाऊन दोनेक तास तसाच राहिला, दिशा बदलून झालेली असली आणि रेडिओवर किंवा गावातल्या जबाबदार माणसाकडून कळलं, तेव्हा. खटकन थांबलेल्या वाऱ्यावर विश्वास नाही.

टप्पा ५ : बाहेर पडल्यावरचे पहिले तास

माणसं मोजा. मग शेजारची, विशेषतः एकटी राहणारी म्हातारी माणसं. कुणी अडकलं असेल तर ११२, रुग्णवाहिकेला १०८, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला १०७७. फोन बंद असतील तर एका दुचाकीवर दोघे, हा जुना उपाय.

तारा. तुटलेली प्रत्येक तार जिवंत समजायची. गावात अंधार असला तरी. कुणी जनरेटर चालू केला आणि त्याची पिन घरच्या सॉकेटमध्ये घातली तर वीज उलटी जाऊन तारेत उतरते. असा उलटा प्रवाह खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव घेऊ शकतो. जनरेटरला उपकरण थेट जोडा, आणि तो पडवीतसुद्धा लावू नका, त्याचा धूर घरात साठून झोपेत माणूस जातो. पडलेल्या तारेपासून दहा मीटर लांब राहा, कुंपणाच्या तारेला हात लावू नका, महावितरणला १९१२ वर कळवा.

साप. बिळांत पाणी शिरलं की फुरसं आणि बाकीची जनावरं कौलांच्या ढिगात, झावळ्यांखाली, ओल्या कपड्यांत येतात. हात घालण्याआधी काठीने हलवा. चावला तर जखम कापायची नाही, करकचून बांधायचं नाही, मांत्रिक नाही. हात-पाय न हलवता, आडवं ठेवून थेट रुग्णालय.

टप्पा ६ : केरसुणीआधी कॅमेरा

सगळ्यांत महाग पडणारी चूक इथे होते. घर विस्कटलेलं बघवत नाही, म्हणून माणसं लगेच आवरायला घेतात, आणि पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक येतात तेव्हा दाखवायला काही उरलेलं नसतं.

१. आधी लांबून पूर्ण घर, मग प्रत्येक खोली, मग जवळून नुकसान. काही फोटोंत घरातला माणूस उभा करा. फोनमधलं तारीख-ठिकाण चालू ठेवा.

२. वाडीत पडलेलं एकही झाड मोजल्याशिवाय कापायचं नाही. बुंध्यावर चुन्याने क्रमांक टाका, नारळ, पोफळ, आंबा, काजू यांची वेगळी यादी करा, शेजाऱ्याची सही घ्या. निसर्गनंतर फळबागांना मदत हेक्टरी ५० हजार रुपये, दोन हेक्टरपर्यंत, अशी जाहीर झाली. आपल्या वाड्या गुंठ्यांत. दहा गुंठ्यांच्या वाडीला त्या हिशेबाने पाच हजार रुपये! पुढे ओरड झाल्यावर नारळाला झाडामागे २५० आणि सुपारीला ५० रुपये असा निर्णय झाला. तोवर ज्यांनी झाडं कापून जाळली होती त्यांच्याकडे आकडा नव्हता.

३. पंचनामा वाचूनच सही करा. नाव पासबुकासारखंच आहे का, सर्व्हे नंबर बरोबर आहे का, खाते क्रमांक आणि आयएफएससी बरोबर आहे का, घर 'अंशतः' की 'पूर्णतः' लिहिलंय. प्रत मागा, निदान फोटो काढा.

४. सातबारावर सात सहहिस्सेदार आणि त्यातले पाच मुंबईत, हे कोकणातलं नेहमीचं. मदत कुणाच्या खात्यात जमा करायची याचं संमतीपत्र लागतं. भावकीतले जुने हिशेब आत्ता काढू नका, आधी सह्या मिळवा. घर आजोबांच्याच नावावर असेल तर वारसनोंद पावसाळ्याआधीच करून घ्यायला हवी होती. अजून केली नसेल तर पुढच्या वर्षासाठी आत्ताच अर्ज द्या.

५. पीकविमा उतरवला असेल तर नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यायची अट असू शकते, ती बघून घ्या. रेंज नसेल तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

इशारा : पंचनाम्याला कुणी आलंच नाही तर थांबून राहू नका. ग्रामपंचायतीत आणि तहसीलमध्ये लेखी अर्ज, फोटो जोडून, शिक्क्याची पोच घेऊन. तोंडी सांगितलेलं चार दिवसांत विसरलं जातं.

टप्पा ७ : छप्पर

पहिल्या दिवशी फक्त ताडपत्री, तीही शक्यतो आतून वाशांना बांधून. ओल्या शेवाळलेल्या कौलांवर आणि हादरलेल्या रिपांवर चढायचं नाही. आधी आतून प्रत्येक वासा आणि आढं बघा, भेग दिसली तर खालून टेकू. वर जायचंच झालं तर कमरेला दोर, शिडी धरायला खाली दुसरा माणूस, आणि वजन वाशावर, कौलावर नाही.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतं. तुकडे पाण्याने भिजवूनच उचला, कोरडे कापू-फोडू नका, नाका-तोंडाला कापड बांधा.

पत्र्यांचे भाव त्या आठवड्यात चढतात. उडालेला पत्रा सरळ करून निदान गोठ्याला वापरता येतो, भंगारवाल्याला घाईने देऊ नका.

टप्पा ८ : विहीर

पालापाचोळा, मेलेले पक्षी काढा. गढूळ पाणी उपसा, पण एकदम तळ गाठू नका. काठ ढासळतो, आणि किनाऱ्यालगत खारं पाणी आणखी आत ओढलं जातं. समुद्राचं पाणी शिरलं असेल तर थोडं थोडं, काही दिवस उपसत राहा. टीसीएलने (ब्लीचिंग पावडरने) खारटपणा जात नाही.

टीसीएल पावडरचा हिशेब : विहिरीचा व्यास × व्यास × पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये) × ३.१४ ÷ ४ × १००० म्हणजे लिटर. हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर अंदाजे २८ हजार लिटर, म्हणजे ७० ग्रॅम. पावडर बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडा आणि पोहऱ्याने ढवळा. तासभर थांबा. मग ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट (पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी) करून घ्या. पिवळा रंग आला नाही तर पुन्हा टाका. वर्षभर उघडी पडलेली पावडर निकामी असते. तिच्याने मनाचं समाधान होतं, पाणी शुद्ध होत नाही.

तोवर पाणी उकळूनच प्या. चिखलात काम करताना पायाला जखम असेल तर गमबूट घाला. ताप आणि पिंढऱ्या दुखायला लागल्या तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) शंका धरून त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा.

टप्पा ९ : वाडी

वूडकटर आणण्याआधी खोड कुठे ताणलंय ते बघा. दुसऱ्या झाडावर अडकलेलं किंवा धनुष्यासारखं वाकलेलं खोड करवत लागताच उसळतं. मुळासकट पडलेल्या झाडाचा बुंधा कापला की मुळांचा गोळा कधीकधी परत खड्ड्यात उभा राहतो, म्हणून त्या खड्ड्यात मुलं उतरता कामा नयेत.

कोवळी, अर्धवट कललेली नारळाची रोपं काही दिवसांत सरळ करा, माती भरा, तीन बाजूंनी टेकू द्या. आठवडा उलटला की मुळं सुकतात. आंब्याच्या फाटलेल्या फांद्या तिरप्या आणि गुळगुळीत कापून त्यावर बोर्डो पेस्ट लावा : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी.

पडलेले माड वाडीतच कुजत ठेवू नका. कुजक्या खोडात आणि शेणखतात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि पुढच्या दोन वर्षांत उरलेले माडही पोखरतो. जखमी माडाकडे सोंड्या भुंगा येतो. खोडं चिरून फळ्या-वासे करा, जळणाला द्या. जे उरेल ते वाडीबाहेर काढा.

नवी रोपं त्याच आठवड्यात विकायला येतात आणि महाग असतात, जातही सांगता येत नाही. कृषी विद्यापीठाच्या किंवा सरकारी रोपवाटिकेत नाव नोंदवा आणि तोवर खड्डे भरून ठेवा. पोफळ सावलीत वाढते. माड गेल्यावर उघड्या पडलेल्या जागेत आधी केळी लावा, तिची सावली धरली की पोफळीची रोपं.